सुईतलं सगळं

९ जानेवारी

हाल्वर,

मरेनसाठी पाठवलेली लाकडी बदकं पोचली. बदकांच्या पोटाखाली, खोक्याच्या तळाशी दडवलेलं गुळगुळीत पत्रकही पोचलं. 'बाळाचं लसीकरण : पालकांचे नेहमीचे गैरसमज.' वर हसरं बाळ, हसरी आई, हसरी डॉक्टरीण. कुत्र्याला गोळी द्यायची तर चीजच्या तुकड्यात दडवून देतात, तशी तू दोन वर्षांच्या भाचीच्या खेळण्यात जाहिरात दडवलीस. बदकं मरेनला दिली. पत्रक दाराशी पसरलंय, त्यावर माझा नवरा वेड कामावरून आला की चिखलाचे बूट काढून ठेवतो. कागद जाड आहे, चांगला टिकेल.

फोन करू नकोस. फोनवर तू मधेच बोलतोस. कागदावर तुला मधेच बोलता येत नाही, म्हणून चार वर्षांनी हा उद्योग करतेय.

तू विसरला असशील. तुझ्या दवाखान्यात रोज पोरं येतात, एक भाचा कुठे लक्षात ठेवायचा! सोरेन एक वर्षाचा झाला आणि त्याला गोवर-गालगुंडाची लस टोचली. नर्स म्हणाली, "थोडा ताप येईल, काळजी नको." आठवडा गेला, आम्ही विसरूनही गेलो. मग एका सकाळी मी ओट्याशी गाजरं सोलत होते आणि तो माझ्या पायाशी ताठ झाला. डोळे वर गेले, हातपाय उडायला लागले, ओठ निळे पडले. मी त्याच्या तोंडात बोट घातलं, पाठीवर थापट्या मारल्या, करू नये ते सगळं केलं. कारण कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो पुन्हा रडेपर्यंत माझ्या लेखी तो मेलेला होता.

त्याच साली थँक्सगिव्हिंगला आईच्या टेबलावर मी तुला विचारलं, असं होऊ शकतं हे आधी का सांगत नाहीत? तुझ्या हातात टर्कीची तंगडी होती. तू हसलास. "तापातली आकडी गं. निरुपद्रवी असते. महिन्याकाठी एखादी बघतोच मी." आणि मग सगळ्यांकडे वळून, "सिग्नीने इंटरनेटवर डॉक्टरकी पूर्ण केलेली दिसतेय!" सगळे हसले. आईसुद्धा.

तेव्हापासून मी पोरांना एकही सुई लावू दिली नाही. मरेनला तर जन्मल्यापासून एकही नाही. तुला वाटतं मला त्या रोझलिंडने बिघडवलं. रोझलिंडच्या कोठारात दर गुरुवारी आम्ही आया जमतो, हे आईने तुला कळवलंच असेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रोझलिंडने मला चहा दिला आणि विचारलं, "ओठ कुठल्या रंगाचे झाले होते त्याचे?" बस्स, एवढंच. तुझ्या एवढ्या शिक्षणात हा प्रश्न कुठे शिकवला नाही वाटतं.

तुझ्या पत्रकात ओळीआड 'सुरक्षित' लिहिलंय. त्या कुपीत काय काय आहे, हे एकदाही नाही. पावाच्या पाकिटावरसुद्धा छापतात रे.

सिग्नी


३ फेब्रुवारी

हाल्वर,

तुझं पाकीट मिळालं. शोधनिबंधांच्या प्रती, त्यावर पिवळ्या शाईच्या रेघा आणि समासात 'हे नीट वाच!' उद्गारचिन्हासकट. पत्र म्हणून एक ओळ नाही. मी नीट वाचलं. मग तू न पाठवलेलंही वाचलं. प्रत्येक लशीबरोबर कंपनी माहितीच्या कागदाची, बारीक अक्षरातली लांबलचक घडी देते, ती कुणालाही मिळते, हे तू मला सांगायला हवं होतंस. वाचनालयातल्या बाईने सांगितलं.

रोझलिंडने वाटलेला लशींतल्या 'विषां'चा तक्ता एका हाताशी आणि या घड्या दुसऱ्या हाताशी, असे दोन-तीन आठवडे घालवले. तुला आवडेल ते आधी सांगते, लगेच फुगू नकोस.

तक्त्यात पहिलं नाव पाऱ्याचं. मुलांच्या नेहमीच्या लशींतून पारा माझ्या पोरांच्या जन्माआधीच काढून टाकलेला. आणि गोवराच्या लशीत तो कधी नव्हताच. दुसरं फॉर्माल्डिहाइड, 'मुडदे टिकवायचं औषध'. गोवराच्या लशीत तेही नाही. काही दुसऱ्या लशींत अगदी लेशमात्र असतं, त्याच्या कितीतरी पट एका नासपतीत असतं, आणि आपलं शरीर स्वतःच ते बनवत असतं. रोझलिंडच्या कोठारात नासपतीचे तुकडे बशीत घालून फिरवतात, गुरुवारी.

तिसरं ॲल्युमिनियम. इथे मला स्वतःचीच लाज वाटली, पण ती तुला दाखवणार नाही. मी लोकर रंगवते. रंग पक्का बसावा म्हणून लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळते. कोपरापर्यंत हात तुरटीत घालून पोट भरणारी बाई मी, आणि ॲल्युमिनियमच्या नावाने दचकत होते. तुरटी म्हणजे तेच. लशीत असतं तेही त्याच घरातलं, चिमटीच्या कणाएवढं. आणि पुन्हा, गोवराच्या लशीत नाहीच.

मी हे गुरुवारी बोलले. रोझलिंड हसून म्हणाली, "सिग्नी, खाल्लेलं वेगळं आणि टोचलेलं वेगळं."

मी म्हटलं, "बरोबर. पोटातून फार थोडं रक्तात उतरतं, सुईतून सगळं. ते धरूनही लोकांनी हिशेब मांडलाय. तू वाचलास?"

"मला वाचायची गरज नाही. मला आतून कळतं."

"आतून पारा दिसला होता तुला, तो तर नाहीये."

तिचा आवाज थंड झाला. "तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?"

खरं सांगू? तिची बाजू मी तिच्यापेक्षा चांगली मांडली असती. प्रश्न चांगले आहेत, बाईच आळशी आहे. तक्ता कुठून तरी उचललेला, एकदाही तपासलेला नाही. शेजारी तिचीच काढ्याची बाटली, त्यावर काय काय घातलंय याचा पत्ता नाही.

आता तुला न आवडणारं. गोवराच्या कुपीत काय आहे ते मला आता पाठ आहे. अर्धमेले करून ठेवलेले तीन विषाणू. जिलेटिन, म्हणजे डुकराच्या कातडी-हाडांचं. थोडी साखर, थोडं मीठ. निओमायसिन नावाच्या प्रतिजैविकाचा अंश. रुबेलाचा विषाणू वाढवतात त्या पेशी साठच्या दशकातल्या एका गर्भपातातून आलेल्या, तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढत आलेल्या. हे वाचून मी माझ्या रंगकामाच्या शेडमध्ये जाऊन बसले. त्याचं काय करायचं ते मी ठरवेन, तू नाही. पण यातलं काहीही तुझ्या पत्रकात नाही. तुम्हाला वाटतं आम्ही घाबरू. आम्ही घाबरतो ते तुम्ही गप्प बसता म्हणून.

आणि घडीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'आकडी' हा शब्द होता. छापलेला. कंपनीला माहीत, तुला माहीत, त्या नर्सला माहीत. माहीत नव्हतं फक्त गाजरं सोलणाऱ्या बाईला.

एकच प्रश्न विचारते. निबंध पाठवू नकोस. लस टोचल्यावर एखाद्या पोराला खरंच काही झालेलं तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंयस का? हो की नाही?

सिग्नी


२४ फेब्रुवारी

हाल्वर,

म्हणजे तुला हाताने लिहिता येतं अजून. अक्षर तेच, कोंबड्याच्या पायासारखं.

तुझ्या पत्रातला तो मुलगा मला दिवसभर दिसत राहिला. सुई काढली आणि त्याचे ओठ सुजायला लागले, घसा बंद व्हायला लागला, त्याची आई तुझ्या कोटाला धरून ओरडत होती आणि तुझा हात इतका कापत होता की उताऱ्याच्या इंजेक्शनची टोपी निघेना. मग ते दिलं, पोरगा श्वास घ्यायला लागला, संध्याकाळी आइस्क्रीम मागून घरी गेला. आणि तू स्वच्छतागृहात जाऊन ओकलास. म्हणून तुम्ही लोकांना नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवता तर. मला वाटायचं, बिल बनवायला वेळ लागतो.

हे सांगायला तुला चार वर्षं लागली? थँक्सगिव्हिंगला तंगडी खाली ठेवून हे सांगितलं असतंस तर मी उठून तुला मिठी मारली असती. आकडी तीन-चार हजारांत एखाद्याला येते, घरात कुणाला आली असेल तर भावंडाला थोडी जास्त, आणि गोवर झाला तर त्याहून कितीतरी वाईट होऊ शकतं, हेही आत्ता लिहिलंस. हे चार ओळींचं बोलणं आहे. त्याच्या जागी तू विनोद वापरलास.

तू लिहितोस, 'मला वाटलं खरं सांगितलं तर तू कधीच टोचणार नाहीस.' वा! मी गाय आहे का, डोळ्यांना झापडं बांधून गोठ्यात न्यायला?

मरेनचं काय ठरवलं म्हणून विचारतोस. माझा निर्णय झाला की कळवीन. तुझ्या पत्राने झाला असं तुला वाटायला नको, म्हणून थोडी थांबतेय.

सिग्नी


१४ मार्च

हाल्वर,

आईने तुला अर्धं सांगितलंच असेल, तेही चुकीचं. म्हणून पूर्ण लिहिते.

इथे गोवर आलाय. कुणी परदेशातून घेऊन आलं म्हणतात. शाळेने मंगळवारी सकाळी फाटकावर सूचना लावली, ज्या मुलांची गोवराची लस पुरी नाही त्यांनी तीन आठवडे घरी राहायचं. सोरेनची दुसरी राहिलेली, त्यामुळे त्याला मी फाटकातूनच परत फिरवलं. गुरुवारच्या मंडळातल्या आम्ही सगळ्या पोरांचे हात धरून बाहेर उभ्या. इतक्यात रोझलिंडची गाडी आली. तिची जुळी उतरली, पाठीवर दप्तरं, आणि सरळ आत गेली. फाटकावरच्या बाईने यादी बघितली आणि मान डोलावली.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी म्हटलं, "रोझलिंड, तुझी पोरं आत कशी?"

"त्यांचं वेगळं आहे," ती म्हणाली. "त्यांच्या बापाने हट्ट धरला."

"कधी?"

"अगं, तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे? वेळच्या वेळी? सगळ्या?"

ती गाडीची किल्ली बोटात फिरवत होती. "हे बघ, टोचू नका असं मी कुणालाही कधी म्हटलेलं नाही. प्रश्न विचारा म्हटलं फक्त. निर्णय ज्याचा त्याचा."

तुझ्याकडे तुच्छतेने बघते मी, हाल्वर, तू त्यात चार वर्षं मुरला आहेस. पण त्या क्षणी कळलं, तुझ्या वाट्याची तुच्छता फार हलकी होती. तू खरं बोलायला घाबरलास. ही खोटं बोलायला घाबरली नाही. स्वतःच्या पोरांना चिलखत घालून आमच्या पोरांना उघड्या अंगाने रांगेत उभं केलं आणि वर चहा पाजला.

आमच्यात इनेस नावाची मुलगी आहे. मुलगीच म्हणायची, तेवीसचीसुद्धा नाही. मासे गोठवायच्या कारखान्यात काम करते, पोटुशी आहे, नवरा बोटीवर असतो. रोझलिंडनेच तिला मंडळात आणली. ती त्या दिवशी फाटकावर नव्हती, कारण तिच्या टोबिनला आधीपासून सर्दी-खोकला होता आणि सोमवारपासून सडकून ताप. मला एकदम आठवलं, रविवारी मरेन आणि टोबिन माझ्या अंगणात एकाच बादलीत पाणी खेळत होते. एकाच पेल्यातून सरबत प्यायले.

मी इनेसकडे गेले. टोबिनच्या तोंडावर पुरळ उठलं होतं, डोळे लाल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. उशाशी रोझलिंडची काढ्याची बाटली. इनेस म्हणाली, "रोझलिंड म्हणते पुरळ बाहेर आलं म्हणजे विष बाहेर पडतंय. खरं ना गं?"

मी म्हटलं, "नाही. बूट घाल."

वेडला गिरणीतून बोलावलं, त्याने तिला आणि टोबिनला मोठ्या इस्पितळात नेलं. गोवरच निघाला, न्यूमोनिया झालेला. मी घरी आले आणि हात फोनकडे गेला. तुला करायला. मग मागे घेतला. तुझ्या पत्रात होतं, संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत टोचलं तर बऱ्याचदा वाचतं. तेवढं पुरे होतं. तुझा आवाज ऐकला असता तर मी रडले असते आणि ते तुला मिळू द्यायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी सरकारी दवाखान्यात गेले, दोन्ही पोरांना घेऊन. मरेनचा संपर्क झालाय असं दारातूनच सांगितलं, तर आम्हाला मागच्या दाराने वेगळ्या खोलीत घेतलं. नर्स माझ्याहून लहान. मी म्हटलं, "सुई लावायच्या आधी मला तोंडाने सांग, याने काय काय होऊ शकतं. सगळं. हिच्या भावाला आकडी आली होती."

ती हसली नाही. स्टूल ओढून समोर बसली. ताप कधी येईल, आकडी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर इस्पितळाची गाडी बोलवायची. मग म्हणाली, "आणि काही विचारायचंय?" मी म्हटलं, "नाही. टोच."

मरेनने नर्सला लाथ मारली. सोरेनने दुसऱ्या हाताने डोळे झाकले आणि नंतर सांगितलं की काहीच दुखलं नाही.

तू म्हणशील, झालं ना शेवटी माझ्या मनासारखं. तुझ्या मनासारखं नाही. माझ्या.

सिग्नी


२८ मार्च

हाल्वर,

आली. आकडी.

आठ दिवस झाले होते. दुपारी मी शेडमध्ये मंजिष्ठेच्या लाल रंगाच्या भांड्यात लोकर ढवळत होते, मरेन खाली पोत्यावर बसून बदकांना ओळीत लावत होती. सकाळपासून अंग कोमट होतं, औषध दिलं होतं. बदक हातातून पडलं. बघते तर ताठ.

ओठ निळे झाले. अगदी तसेच.

मी काठी टाकली. तिला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण काढलं, पोत्याची घडी डोक्याखाली सारली. तोंडात काही घातलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले आणि तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही, बहुतेक रंगांची नावं. सेकंदकाटा दोनदा फिरला, तिसऱ्यांदा अर्ध्यात आला आणि ती सैल पडली. मग रडली. मग मला चावली.

इस्पितळात नेलं, घशातला नमुना तपासला. गोवर नाही, लशीचा ताप. रात्रभर ठेवून घरी सोडलं. आता मरेन बदकांना मंजिष्ठेत बुडवून लाल करते आहे. तुझी महागडी बदकं.

घरी आल्यावर औषधाच्या बाटलीचं झाकण मला उघडेना. तुझ्या त्या टोपी न निघणाऱ्या इंजेक्शनची आठवण झाली, पण त्यावरून तुला माफ केलं असं समजू नकोस. पण एक सांगते. सोरेनच्या वेळी मला फसवल्यासारखं वाटलं होतं. या वेळी नाही. मला ठाऊक होतं, मी बघून सौदा केला होता, आणि त्याची किंमत समोर आली तेव्हा मी ती ओळखली. भीती तेवढीच वाटली. राग मात्र कुणाचा आला नाही, तुझाही नाही. साधारण तासभर.

पुन्हा टोचशील का, असं वेडने विचारलं. हो म्हटलं. टोबिन अजून ऑक्सिजनवर आहे.

सिग्नी


१९ मे

हाल्वर,

तुझ्या दवाखान्यात येऊन आयांशी बोलशील का म्हणून विचारतोस. नाही. मी तुझ्या दवाखान्याची शोभा नाही. बोलायला तुला तोंड आहे, वापर.

टोबिन घरी आला. वाळून काटकी झालाय. कानात पू झाला होता, गेल्या आठवड्यात तपासणी झाली. डावा कान गेला. इनेस त्याच्या डाव्या बाजूने हाक मारते आणि तो समोरच बघत राहतो, मग ती उठून उजवीकडे जाते.

रोझलिंड सूप घेऊन तिच्याकडे गेली होती. मी तेव्हा तिथेच होते, कपडे वाळत घालत. रोझलिंड म्हणाली, "इनेस, तुझ्याबद्दल मनापासून वाईट वाटतं गं. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं."

इनेस म्हणाली, "तुझ्या पोरांची नाहीत वेगळी. ती शाळेत आहेत." आणि दार लावलं. जोरात नाही. कडी घातल्याचा आवाज मात्र आला. सूप पायरीवर तसंच राहिलं, संध्याकाळी मांजरांनी संपवलं. गुरुवारचं मंडळ अजून चालतं म्हणे. नव्या आया येतात. नवा तक्ता काढलाय, त्यात पारा अजून पहिल्या नंबरवर आहे. त्या बाईला कधी काही होणार नाही. असल्या लोकांना होत नाही.

इनेसला मुलगी झाली एप्रिलमध्ये. परवा ती बाळाला घेऊन माझ्या शेडमध्ये आली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात हिचे डोस सुरू करायचेत. सुरक्षित आहे असं मला कुणी सांगू नका. आता कुणाचंच खरं वाटत नाही. काय काय घातलंय आणि काय काय होऊ शकतं, ते सांग."

मी चुलीवरचं भांडं उतरवलं, हात पुसले, तिच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. तुरटीसुद्धा दाखवली, बाळाच्या या पहिल्या लशींत तिच्याच घरातलं ॲल्युमिनियम खरंच असतं म्हणून. तिने खडा बोटात धरून उजेडात बघितला. मरेनची आकडी सांगितली तेव्हा ती बाळाकडे बघत राहिली. तुझा तो सुजलेल्या ओठांचा मुलगाही सांगितला, तुझं नाव न घेता. गोवराबद्दल काही सांगायची गरज नव्हती.

तिने खडा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "तू येशील माझ्याबरोबर? मी तिचे पाय धरीन. तू फक्त घड्याळाकडे बघत बस."

हो म्हटलंय.

सिग्नी